२४ मायक्रॉनवर दिसणारं कडं: तारा कोणता आणि फेकलेलं द्रव्य किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या २४ मायक्रॉन तरंगलांबीच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रतिमेत, आकाशगंगेच्या पट्ट्यात, सुमारे एक आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग) व्यासाचं गोल कडं दिसतं. दृश्य प्रकाशात तिथे काहीच नाही, पण २ मायक्रॉनवर बरोबर मध्यभागी एक ठळक तारा आहे. हे द्रव्य आयुष्याच्या शेवटाकडे आलेल्या जड ताऱ्याने फेकलेलं आहे का, आणि असेल तर किती, हे कसं ठरवायचं?

माझं उत्तर एका वाक्यात: आधी तारा ओळखा, मग कड्याला हात घाला. बहुतेक जण उलट करतात. कड्याचा फ्लक्स, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणारा उजेड, मोजायला सोपा असतो, त्यावरून धुळीचं वस्तुमान काढायचं सूत्र एका ओळीचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात होते. पण मध्यभागी कोण आहे हे माहीत नसताना त्या वस्तुमानाचा अर्थच लागत नाही. तोच आकडा ग्रहीय तेजोमेघालाही (सूर्यासारख्या ताऱ्याने शेवटी सोडलेल्या वायूच्या कवचालाही) लागू पडेल आणि तारा वाऱ्यात लोटत नेत असलेल्या आंतरतारकीय धुळीलाही.

पहिली चाळणी, घरबसल्या

आयआरएसए या आर्काइव्हमधून त्याच जागेच्या ८ मायक्रॉनच्या प्रतिमा उतरवून घ्या. नव्या, जड ताऱ्यांभोवतीचे आयनित हायड्रोजनचे बुडबुडे ८ मायक्रॉनवर ठळक कडेचे दिसतात, कारण त्या कडेवर बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बनचे रेणू चमकत असतात. २४ मायक्रॉनचा उजेड मात्र बुडबुड्याच्या आत असतो. उत्क्रांत ताऱ्यांच्या कड्यांचं चित्र सहसा वेगळं असतं. २४ वर लख्ख, ८ वर जवळपास काहीच नाही. त्यामुळे ८ मायक्रॉनवर ठळक कडा दिसली तर आधी बुडबुड्याचा विचार करा. मात्र हा नियम पोलादी नाही. एजी कॅरिनी या प्रसिद्ध उत्क्रांत ताऱ्याच्या तेजोमेघात हे रेणू सापडलेले आहेत.

दुसरा संशयित ग्रहीय तेजोमेघ. स्पिट्झरच्या मिप्सगल सर्वेक्षणात २४ मायक्रॉनवर अशा चारशेहून अधिक चकत्या आणि कडी सापडली, आणि त्यांपैकी काहींचे वर्णपट घेतल्यावर एक फार उपयोगी गोष्ट कळली. काही चकत्यांमध्ये धूळ जवळपास नव्हतीच. २४ मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये दिसणारा उजेड तीनदा आयनित ऑक्सिजनच्या २५.८९ मायक्रॉनच्या रेषेतून येत होता. एवढं आयनीकरण करायला अतितप्त तारा लागतो, आणि अशा चकत्यांच्या मध्यभागी तो २ मायक्रॉनवर सहसा फारच मंद असतो किंवा दिसतच नाही. तुमच्या बाबतीत मधला तारा ठळक आहे, ही जड ताऱ्याच्या बाजूची साक्ष आहे. पुरावा नव्हे.

तिसरी शक्यता धनुष्याकृती आघाततरंगाची. उजेड एका बाजूला जास्त आणि तारा केंद्रापासून सरकलेला असेल, तर तारा वेगाने धावतो आहे आणि समोरची धूळ लोटतो आहे असं समजा. मृग नक्षत्रातल्या बेटेलज्यूस या ताऱ्याच्या पुढे अशी कमान अवरक्तात स्पष्ट दिसते. त्या कमानीतली धूळ थेट ‘ताऱ्याने फेकलेली’ म्हणून मोजता येत नाही.

आणखी एक फसवणूक दुर्बिणीचीच. स्पिट्झरचा आरसा ८५ सेंटिमीटरचा, म्हणून २४ मायक्रॉनवर बिंदूसारखा ताराही सुमारे ६ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) रुंद दिसतो आणि त्याभोवती विवर्तनाची वलयं पडतात. एक आर्कमिनिटाच्या कड्याला याची भीती नाही, पण १० ते १५ आर्कसेकंदांचं ‘कवच’ सापडल्याचा आनंद झाला तर त्याच प्रतिमेतल्या दुसऱ्या एखाद्या तेजस्वी ताऱ्याशी तुलना करा. वाइज या दुसऱ्या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या २२ मायक्रॉनच्या प्रतिमेत ही रुंदी सुमारे १२ आर्कसेकंद आहे, तिथे तर जास्तच जपून.

ताऱ्याचा वर्णपट

दृश्य प्रकाशात तारा दिसत नाही याचं कारण मधली धूळ. दृश्य विलोपन, म्हणजे धुळीने अडवलेला उजेड, २० प्रती (प्रत हे तेजाचं माप, एक प्रत म्हणजे सुमारे अडीच पट) असेल तर उजेड १० कोटी पट घटतो, २.२ मायक्रॉनच्या के पट्ट्यात तेच विलोपन २.२ प्रतींच्या आसपास असतं, म्हणजे घट फक्त आठेक पट. म्हणून काम के पट्ट्यातच करायचं.

काय शोधायचं? ब्रॅकेट गॅमा (२.१६६ मायक्रॉन) आणि हेलियम (२.०५८) यांच्या अरुंद उत्सर्जन रेषा, सोबत आयनित मॅग्नेशियमची २.१३७ आणि २.१४४ ची जोडी, आयनित लोहाची २.०८९ आणि सोडियमची २.२०६–२.२०९ ही जोडी उत्सर्जनात, हे सगळं एकत्र दिसलं की तारा निळ्या दीप्तिमान चल ताऱ्यांपैकी, म्हणजे एलबीव्ही, असण्याची शक्यता बळकट होते. रेषा रुंद, सेकंदाला १,००० ते ३,००० किलोमीटर वेगाच्या, आणि आयनित हेलियमची २.१८९ ची रेषा हजर असेल तर तो वुल्फ-रायेट तारा (बाहेरचा थर गमावलेला उष्ण, जड तारा), कार्बनची २.०८ जवळची रेषा जबरदस्त असेल तर कार्बनयुक्त उपप्रकार. कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे २.२९३ पासून शोषणात दिसले तर लाल महाराक्षसी (फुगलेला, थंड पृष्ठभागाचा जड तारा), आणि उत्सर्जनात दिसले तर बी प्रकारचा धूळयुक्त महाराक्षसी किंवा पिवळा अतिमहाराक्षसी, कारण तेव्हा ताऱ्याजवळ घन, गरम वायू असतो.

इथे एक सापळा आहे. आकाशगंगेच्या पट्ट्यात सामान्य लाल राक्षसी ताऱ्यांची इतकी गर्दी असते की एखादा योगायोगाने कड्याच्या मध्यावर येऊन बसतो. त्याच्या वर्णपटातही कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे शोषणातच असतात. वर्णपटात निव्वळ तेवढंच दिसलं तर लगेच ‘लाल महाराक्षसी’ म्हणू नका. पट्ट्यांची खोली मोजा, अंतराचा अंदाज घ्या आणि कड्याच्या मध्याजवळचे बाकीचे तारेही तपासा.

हे वर्णपट भारतातून घेता येतात. लडाखमधल्या हानले इथल्या २ मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवर टिरस्पेक हे अवरक्त वर्णपटमापक आहे आणि नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर टॅनस्पेक आहे. दोन्ही उपकरणांमागे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अवरक्त गटाचं काम आहे. टिरस्पेकची विभेदनक्षमता (जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची क्षमता) १,२०० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला २५० किलोमीटर. वर्गीकरणाला हे पुरेसं आहे, पण एलबीव्हीचा वारा १०० ते २०० किलोमीटर वेगाचा असेल तर त्याचा वेग यातून मोजता येणार नाही. टॅनस्पेकची २,७५० च्या आसपासची क्षमता थोडी मदत करते. खरा वेग हवा असेल तर ५,००० च्या वरचं उपकरण लागतं. लक्ष्य निवडताना क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर) पाहा: हानले ३२.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तेव्हा उणे ४० अंशावरचा तारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंश चढतो आणि ईटा कॅरिनी हा प्रसिद्ध एलबीव्ही तर उगवतच नाही. धनू, ढाल, गरुड, हंस या भागातली लक्ष्यं सोयीची. पण हाच भाग पावसाळ्यात रात्रभर वर असतो आणि तेव्हा देवस्थळची निरीक्षणं बंद असतात, म्हणून वेळेचा अर्ज मे-जून किंवा ऑक्टोबरसाठी करा.

निरीक्षणातल्या दोन चुका वारंवार दिसतात. पहिली वातावरणाच्या दुरुस्तीतली. वातावरणाचं शोषण काढायला जवळचा ए-शून्य प्रकारचा तारा घेतात, त्याची हवेतली वाट तुमच्या ताऱ्याच्या ०.१ च्या आत असावी लागते. पण त्या ताऱ्यात स्वतःची ब्रॅकेट गॅमा शोषण रेषा असते. ती व्हेगा (अभिजित) या त्याच प्रकारच्या ताऱ्याच्या वर्णपटाच्या प्रारूपाने आधी न काढता भागाकार केला, तर तुमच्या ताऱ्यात खोटी उत्सर्जन रेषा उगवते, आणि तीही नेमकी तिथेच, जिथे तुम्ही एलबीव्हीची खूण शोधत आहात! दुसरी चूक आकाश वजा करण्यातली. ताऱ्याला वर्णपटमापकाच्या फटीवर पुढे-मागे सरकवून दोन चित्रं एकमेकांतून वजा करणं ही नेहमीची पद्धत. पण तेजोमेघ फटभर पसरलेला असेल तर तो स्वतःलाच खोडतो. अशा वेळी दुर्बीण दोन-तीन आर्कमिनिटं बाजूला नेऊन मोकळं आकाश वेगळं घ्या. वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

वर्णपट एलबीव्हीसारखा निघाला तरी तो तारा ‘उमेदवार’ एलबीव्हीच राहतो. खरा एलबीव्ही म्हणायला त्याची चमक काही वर्षांत एक प्रत किंवा अधिक बदलताना, आणि सोबत वर्णपटही बदलताना, दिसायला हवा. वाइज दुर्बिणीच्या पुढच्या मोहिमेने, निओवाइजने, २०१३ च्या अखेरीपासून २०२४ पर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी सगळं आकाश ३.४ आणि ४.६ मायक्रॉनवर मोजलं, ती मालिका फुकट उपलब्ध आहे. फक्त ३.४ मध्ये ८ व्या आणि ४.६ मध्ये ७ व्या प्रतीपेक्षा तेजस्वी ताऱ्यांना डिटेक्टर भरून वाहतो आणि मोजमापात पद्धतशीर चूक येते. त्या चुकीला चमकेतला बदल समजू नका.

आता कडं: तापमान हाच कळीचा मुद्दा

धुळीचं वस्तुमान म्हणजे फ्लक्स गुणिले अंतराचा वर्ग, भागिले धुळीचा शोषणगुणांक (ग्रॅमभर धूळ किती प्रकाश शोषते) आणि त्या तापमानाची प्लांक तीव्रता (त्या तापमानाचा आदर्श काळा पदार्थ देतो तो उजेड) यांचा गुणाकार. यातलं तापमान किती दगा देतं ते पाहा. फक्त २४ मायक्रॉनचा फ्लक्स हाती असेल आणि तुम्ही ७० केल्विनऐवजी १०० केल्विन धरलं, तर वस्तुमान सुमारे १३ पट कमी येतं. तीच चूक ७० मायक्रॉनचा फ्लक्स वापरून केली तर फरक फक्त २.६ पट. म्हणून २४ मायक्रॉनवरून एकट्याने वस्तुमान काढूच नये. हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या हाय-गल सर्वेक्षणात आकाशगंगेच्या पट्ट्याच्या ७० आणि १६० मायक्रॉनच्या प्रतिमा आहेत, त्या घ्याच.

एक उदाहरण करून दाखवतो. आकडे समजावण्यापुरते आहेत. समजा कड्याचा फ्लक्स २४ वर ५ जान्स्की (जान्स्की हे फ्लक्सचं एकक), ७० वर १० जान्स्की आणि अंतर ५ किलोपारसेक (सुमारे १६,००० प्रकाशवर्षं). शोषणगुणांक वारंवारतेच्या १.५ व्या घाताने बदलतो असं धरलं तर तापमान ७२ केल्विनच्या आसपास येतं. घात १ धरला तर ८१. ७० मायक्रॉनवर सिलिकेट धुळीचा शोषणगुणांक ग्रॅममागे ६० चौरस सेंटिमीटर घेतला, तर पहिल्या बाबतीत धूळ ०.००२८ सौर वस्तुमान आणि दुसऱ्यात ०.००२०. वायू धुळीच्या १०० पट धरला की एकूण द्रव्य ०.२८ किंवा ०.२०. म्हणजे घाताच्या निवडीने एक तृतीयांशाचा फरक पडतो. तो चालतो. आता २४ च्या फिल्टरमधला निम्मा उजेड धुळीचा नसून रेषांचा निघाला, तर तापमान ६४ केल्विनवर घसरतं आणि धूळ ०.००४१ वर जाते. म्हणून जिथे स्पिट्झरच्या आयआरएस उपकरणाचा ५ ते ३८ मायक्रॉनचा वर्णपट मिळत असेल तिथे तो आधी उघडा. त्यात १४ मायक्रॉनजवळ फ्लक्स अचानक उडी मारताना दिसला तर घाबरू नका: त्याच्या आधीच्या तरंगलांबींची फट ३.६ आर्कसेकंद रुंद होती आणि नंतरच्यांची १०.६, त्यामुळे पसरट तेजोमेघाचा जास्त उजेड आत शिरतो. दोन्ही तुकडे समान क्षेत्रफळावर आणूनच जोडा.

फ्लक्स मोजतानाची पथ्यं. मिप्सगलच्या प्रतिमा मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन या एककात असतात; १.२५ आर्कसेकंदांच्या पिक्सेलला १ मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन म्हणजे ३६.७ मायक्रोजान्स्की. वाइजच्या प्रतिमा नुसत्या डिटेक्टरच्या गणतीत असतात, शीर्षकातला शून्यबिंदू लावल्याशिवाय त्या बेरजेला अर्थ नाही. दोन तरंगलांबींचं गुणोत्तर घेण्याआधी दोन्ही प्रतिमा सारख्याच धूसर करून घ्या. पार्श्वभूमीसाठी कड्याभोवतीचं एकच वलय न घेता चारी बाजूंना वेगवेगळे तुकडे घ्या. त्यांच्या सरासऱ्यांमधली तफावत हीच तुमची खरी त्रुटी. आकाशगंगेच्या पट्ट्यात ७० मायक्रॉनवर ती सहज २० ते ३० टक्के होते. मधला तारा कड्यापासून वेगळा काढायला विसरू नका, आणि ताऱ्याच्या अवरक्त उजेडातला सगळा जादा भाग धुळीचा समजू नका. दाट आयनित वाराही अवरक्तात जादा उजेड देतो, पण त्याचा उतार वेगळा असतो: फ्लक्स वारंवारतेच्या ०.६ व्या घाताने चढत जातो.

आलेलं तापमान तपासायचा एक सोपा उपाय आहे. ५ किलोपारसेकवर ३० आर्कसेकंद म्हणजे दीड लाख खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), ०.७३ पारसेक. सूर्याच्या ६ लाख पट दीप्तीच्या ताऱ्यापासून इतक्या दूर आदर्श काळा, मोठा कण फक्त २० केल्विनचा असेल. ०.१ मायक्रॉनचे कण दीर्घ तरंगलांबींवर नीट उत्सर्जन करू शकत नाहीत, म्हणून ते ६० ते १०० केल्विनपर्यंत तापतात. तुमचं ७२ केल्विन यात बसतं. १५० आलं असतं तर तीन गोष्टी तपासाव्या लागल्या असत्या: अंतर, रेषांची भेसळ, आणि अतिसूक्ष्म कण, जे एकेका प्रकाशकणाने क्षणभर तापतात आणि ज्यांना समतोल तापमान असं नसतंच.

ते द्रव्य खरोखर ताऱ्याचंच का?

हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ०.७३ पारसेक त्रिज्येच्या गोलात दर घन सेंटिमीटरला १० हायड्रोजन अणू असतील तर हेलियमसह तिथे मुळातच ०.५५ सौर वस्तुमानाएवढं आंतरतारकीय द्रव्य होतं. तुमचं उत्तर ०.२८ आहे. म्हणजे सगळं कडं निव्वळ झाडून गोळा केलेलं असू शकतं! अर्थात, जड ताऱ्याने तरुणपणीच्या वेगवान वाऱ्याने आसमंत आधीच रिकामा केलेला असतो आणि तिथली घनता पुष्कळ कमी असते. पण हे गृहीत धरायचं नाही, दाखवायचं. नायट्रोजनचं प्रमाण वाढलेलं आहे का ते पाहा, कारण ताऱ्याच्या आतून आलेल्या द्रव्यात कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्राची खूण असते. आणि कड्याचा प्रसरणवेग मोजा. आयनित लोहाची १.६४४ मायक्रॉनची रेषा यासाठी चांगली, तिची १.२५७ वरची जोडीदार रेषा त्याच वरच्या पातळीतून निघते, त्यामुळे दोघींच्या गुणोत्तरावरून कड्यापर्यंतचं विलोपनही मिळतं. सैद्धांतिक गुणोत्तर १.३६ धरतात, पण त्या किमतीवर एकमत नाही, म्हणून विलोपनाच्या आकड्याला मोकळी त्रुटी द्या.

प्रसरणवेग मिळाला की वय निघतं. ०.७३ पारसेकला सेकंदाला ५० किलोमीटरने सुमारे १४,००० वर्षं, २०० किलोमीटरने ३,५००, आणि लाल महाराक्षसीच्या २० किलोमीटरच्या संथ वाऱ्याने ३५,००० वर्षं. नुसत्या आकारावरून वय सांगणं म्हणजे यांतला एक आकडा डोळे मिटून उचलणं. वस्तुमानाला वयाने भागून ‘दरवर्षी इतकं’ म्हणण्याआधी कड्याची जाडीही पाहा. पातळ कडं म्हणजे द्रव्य थोड्या काळात बाहेर पडलं. ईटा कॅरिनीने १८४० च्या दशकातल्या महास्फोटात दहा सौर वस्तुमानांहून अधिक द्रव्य काही वर्षांत फेकलं, तिथे हजारो वर्षांची सरासरी काढणं निरर्थक आहे. उलट डब्ल्यूआर १४० या जोडताऱ्याभोवती जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने २०२२ मध्ये दाखवलेली सतराहून अधिक कवचं दर ७.९ वर्षांनी, दोन तारे कक्षेत जवळ येऊन त्यांचे वारे आदळतात तेव्हा, धूळ तयार होऊन बनतात. एकापेक्षा जास्त समकेंद्री कवचं दिसली तर स्फोटाआधी जोडताऱ्याचा विचार करा.

पुढची निरीक्षणं

मधल्या अवरक्तात जमिनीवरून काम करायचं तर चिलीतल्या पॅरानल वेधशाळेचं व्हिझिर हे उपकरण आहे, त्याची स्पष्टता १० मायक्रॉनवर ०.३ आर्कसेकंद. पण तिथे आकाशाचा झगझगाट काढायला दुय्यम आरसा सतत हलवावा लागतो आणि तो झोका ३० आर्कसेकंदांपलीकडे जात नाही. तुमचं कडं ६० चं, म्हणजे ते स्वतःवरच वजा होईल. व्हिझिर ताऱ्यालगतच्या धुळीसाठी वापरा. कड्यासाठी जेम्स वेबचं मिरी हे मधल्या अवरक्ताचं उपकरण योग्य: प्रतिमेचं क्षेत्र ७४ गुणिले ११३ आर्कसेकंद, कडं मावतं. मिरीचं मध्यम विभेदनाचं वर्णपटमापक मात्र एका वेळी ३ ते ७ आर्कसेकंदांचाच चौकोन पाहतं, म्हणून कड्यावरचे दोन-तीन तुकडे आणि एक रिकामं आकाश निवडा. तिथे धुळीची जातही कळते. ९.७ आणि १८ मायक्रॉनचे उंचवटे म्हणजे सिलिकेट; कार्बनयुक्त वुल्फ-रायेट ताऱ्यांची अस्फटिक कार्बनची धूळ असे उंचवटे देत नाही. ९.७ वर खळगा दिसला तर तो वाटेतल्या आंतरतारकीय धुळीचा असू शकतो, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहा.

अंतर मात्र अखेरपर्यंत छळणार. दृश्य विलोपन २० प्रती असलेल्या ताऱ्याचं, ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गॅया अवकाश दुर्बिणीकडे बहुधा मोजमापच नसतं. तारा एखाद्या समूहात आहे का ते पाहा, कड्याशी जोडलेला कार्बन मोनॉक्साइडचा रेडिओ ढग असेल तर त्याच्या वेगावरून अंदाज काढा, आणि वर्णपटावरून ठरलेल्या प्रकाराची दीप्ती त्या अंतराशी जुळते का ते तपासा. वस्तुमान अंतराच्या वर्गाने आणि वय अंतराच्या सरळ प्रमाणात बदलतं, त्यामुळे निष्कर्षाच्या तक्त्यात दोन्ही आकडे ५ किलोपारसेकच्या पटीत मांडा, आणि शोषणगुणांक, त्याचा घात, वायू-धूळ प्रमाण, पार्श्वभूमीचे तुकडे हे सगळं त्याच तक्त्याखाली लिहा. उद्या कोणी अंतर सुधारलं तर त्याला तुमचं काम पुन्हा न करता नवा आकडा एका गुणाकारात काढता येईल.